शून्य शून्य एक

गंधारचा फोन आला तेव्हा माझे एकशे चव्वेचाळीस झाले होते आणि दुपारचे सव्वातीन वाजत होते. स्पर्धा चालू असताना मला फोन करायचा नसतो हे आमच्या हॅम क्लबात, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबात, सगळ्यांना माहीत आहे. एकदा करून बघितलेल्यांना तर चांगलंच माहीत आहे. गंधार क्लबाचा अध्यक्ष, तसा समजूतदार मुलगा. तो फोन करतोय म्हणजे कुणीतरी गेलंच असणार, असं धरून मी हेडफोन काढला आणि फोन घेतला.

"अंबिकाताई, सॉरी, दोनच मिनिटं," तो म्हणाला. "सर आत्ता चाळीस मीटरच्या बँडवर आलेत. तुम्ही त्यांना घ्याल ना, तेव्हा तुमचा खरा नंबर देऊ नका. शून्य शून्य एक द्या. आम्ही सगळे तेच देतोय."

"कोण सर?"

"आपले यज्ञेश्वर सर."

म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ.

"माझ्या दादाला खोटा नंबर द्यायचा?" मी विचारलं. "स्पर्धेत?"

ज्यांना हा नाद नाही त्यांना आधी थोडं सांगते, नाहीतर बाई एवढी का तडकली ते कळायचं नाही. आमची स्पर्धा शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते ती रविवारी पहाटे साडेपाचपर्यंत. घरी बसून, आपल्या रेडिओवरून, मोर्समध्ये, म्हणजे तारेच्या टिंब-रेघांच्या भाषेत, जितक्या जणांना गाठता येईल तितक्यांना गाठायचं. गाठलं की आपला नंबर द्यायचा आणि त्याचा घ्यायचा. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, असा तो नंबर चढत जातो. मग दोघांनीही आपापली यादी आयोजकांना पाठवायची. दोन याद्या जुळल्या तर गुण. एक आकडा चुकला तरी काट.

नंबराआधी आवाज कसा येतोय त्याचा शेरा देतात. तो सगळे सगळ्यांना पाच नऊ नऊच देतात, म्हणजे पैकीच्या पैकी. समोरचा विहिरीच्या तळातून बोलल्यासारखा येत असला तरी पाच नऊ नऊ. त्या शेऱ्याची मला पहिल्या वर्षापासून चीड आहे, पण जगरहाटी म्हणून मीही तो देते. नंबराचं तसं नाही. तो खराच द्यावा लागतो आणि कानानं ऐकूनच घ्यावा लागतो. तेवढी एक खरी गोष्ट काढून घेतली तर ही स्पर्धा म्हणजे एकसष्ट वर्षांच्या बाईनं खोलीत बसून टिकटिक करणं, दुसरं काही नाही.

"ताई, ऐका ना," गंधार म्हणत होता. "शून्य म्हणजे पाच रेघा. एक म्हणजे एक टिंब आणि चार रेघा. सगळा लांब लांब आवाज. तेवढा त्यांना जाणवतो. चार, पाच, सहा आले की टिंबं येतात, ती त्यांना लागत नाहीत."

"लागत नाहीत म्हणजे?"

त्यानं उलट विचारलं, "ताई, तुम्हाला माहीत नाही?"

"गंधार, मला काय माहीत नाही ते तू मला सांगायचंस."

मग त्यानं सांगितलं. होळीनंतर दादाला ताप आला होता, त्यात डावा कान पूर्ण गेला. उजवाही गेल्यातच जमा. नाशिकला दाखवलं, मशीन घेतलं, पण मशीन लावलं की भांडी घासल्यासारखा नुसता कालवा ऐकू येतो, शब्द कळत नाही. हे सगळं मधुवंतीवहिनीनं गंधारला फोन करून सांगितलं होतं. दादाची बायको, माझी वहिनी. तिनं क्लबाच्या अध्यक्षाला सांगितलं आणि मला सांगितलं नाही.

"तुम्ही रागावाल म्हणून," गंधार म्हणाला. "म्हणजे, असं वहिनी म्हणाल्या."

"मग आता काय झालंय?"

"ताई, ही सरांची शेवटची स्पर्धा. ढाल त्यांनाच मिळावी असं सगळ्यांचं ठरलंय. आम्ही वेगळा ग्रुप केलाय, त्यात सर नाहीत. उद्या संध्याकाळी क्लबात त्यांचा सत्कार ठेवलाय. शाल, श्रीफळ, सन्मानपत्र. तुम्ही दोन शब्द बोलाल ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाल आणि नारळ ही आपल्याकडची मोठी युक्ती आहे. माणूस जिवंत असतो, हातपाय चालत असतात, पण तो आता नको झालेला असतो. मग त्याच्या अंगावर शाल टाकायची, हातात नारळ द्यायचा, टाळ्या वाजवायच्या, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला कशालाच बोलवायचं नाही. माझाही एकदा झाला आहे सत्कार, कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा. शाल अजून घडी मोडलेली नाही.

"गंधार, तू किती वर्षं झाली स्पर्धेत उतरतोयस?"

"नऊ."

"नऊ वर्षांत दुपारी सव्वातीनला कुणाकडून शून्य शून्य एक घेतलायस?"

त्यानं उत्तर द्यायच्या आत मीच पुढे बोलले.

"पहाटे साडेपाचला सुरू झालंय. दुपारपर्यंत सगळे शंभराच्या पुढे असतात. भर दुपारी ओळीनं वीस जण शून्य शून्य एक द्यायला लागले तर वहीत काय दिसेल? दादाचे कान गेलेत. डोळे आहेत ना जागेवर? तो एकतीस वर्षं वह्या भरतोय."

"ते," गंधार म्हणाला, "ते लक्षात नाही आलं."

"दुखणं हल्याला आणि इंजेक्शन पखालीला. त्याचे कान बिघडले तर तुम्ही त्याची वही बिघडवून ठेवलीत."

"ताई, प्रेमापोटी करतोय हो आम्ही."

"मग प्रेमापोटी राजूरला जा आणि त्याच्या घराची कौलं शाकारून दे. स्पर्धेत हात घालू नकोस," असं म्हणून मी फोन ठेवला. खरं तर आपटला. काचेला तडा आधीपासूनच होता.

छबूबाई शेजारच्या खोलीत फरशी पुसत होती. गेली बारा वर्षं ती माझ्याकडे कामाला येते, आणि रेडिओ हाच ताईंचा नवरा हाय असं तिनं आळीत सांगून ठेवलंय. दारात येऊन ती म्हणाली, "कुनाला झापलं आज?"

"सगळ्यांना झापायचंय. एकालाच झापून झालंय."

"मंग जरा चा घ्या आन् दुसऱ्याला झापा," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

दादा राजूरला असतो. तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायला गेला आणि निवृत्त होऊनही तिथेच राहिला, कारण घरामागे डोंगर आहे आणि डोंगराला रेडिओची तार बांधता येते. मी इथे भिंगारला. लष्करी कचेरीत सिव्हिलियन क्लार्क म्हणून छत्तीस वर्षं काढली, आणि आता गच्चीवरून शेजाऱ्यांच्या लिंबापर्यंत माझी तार आहे. दरवर्षी आम्ही दोघं ह्या स्पर्धेत एकमेकांविरुद्ध उतरतो. जिल्ह्यात पहिला येईल त्याला क्लबाची ढाल. दादानं ती एकोणीस वेळा नेली, मी सहा वेळा. सहाही वेळा त्यानं फोन करून माझ्या चुका मोजून दाखवल्या, आणि एकोणीसही वेळा मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही. असं आमचं प्रेम आहे.

आमचे वडील तार ऑफिसात होते. आम्हाला अक्षरं त्यांनी आधी मोर्समध्ये शिकवली, शाळेनं नंतर. आई संध्याकाळी पोथी वाचायला बसली की आम्ही दोघं तिच्या मागे बसायचो आणि एकमेकांच्या तळहातावर बोटानं बोलायचो. टिंब म्हणजे टिचकी, रेघ म्हणजे दाब. आईला वाटायचं पोरं किती शांत ऐकतायत. दादाचा आवडता शब्द 'गाढव' होता आणि तो माझ्याबद्दल असायचा.

चहा पिताना मला गेल्या रविवारचा फोन आठवला. मी विचारलं होतं, दादा, गुडघा कसा आहे. तो म्हणाला, हो, पाऊस बरा झालाय. मी म्हटलं, मी काय विचारतेय आणि तू काय सांगतोयस, लक्ष कुठे आहे तुझं. तो म्हणाला, हो हो, सगळे मजेत. मग मी ओरडले. म्हातारा झालास, बहिणीचं बोलणं ऐकायचीही तुला आता फुरसत नाही, असं काहीतरी बोलले आणि फोन ठेवून दिला. त्यातलं त्याला किती कळलं असेल देव जाणे. लाज वाटली. आणि मला लाज वाटली की राग आणखी चढतो, हा माझा जुना रोग आहे.

मी हेडफोन चढवला आणि दादाला शोधायला निघाले.

शोधायला वेळ लागला नाही. दादाचा हात मी हजारात ओळखते. हल्ली बहुतेकांची मोर्स कॉम्प्युटर पाठवतो, सगळ्यांची एकसारखी. दादा अजून वडिलांच्या पितळी कीवर, तार ऑफिसातल्या त्या खटक्यावर, हातानं पाठवतो. रेघ जरा रेंगाळते, टिंब नेमकं पडतं. ऐकू येत नसलं तरी हात तसाच होता, एक टिंब इकडचं तिकडे नाही. आपण काय पाठवतोय हे ज्याला ऐकू येत नाही तो इतकं स्वच्छ पाठवत होता. मी दोन मिनिटं नुसती ऐकत राहिले.

मग पुणतांब्याच्या भीमानं त्याला साद घातली. हा भीमा शेतकरी माणूस, पेरूची बाग सांभाळून स्पर्धेत उतरतो, मला तो फार आवडतो. दुपारी बारा वाजता त्यानं मला एकसष्ट नंबर दिला होता. आता त्यानं दादाला अगदी सावकाश, बाळाला घास भरवावा तसं पाठवलं: पाच नऊ नऊ, शून्य शून्य एक. दादानं उलट पाठवलं: मिळालं, शून्य शून्य एक, आभारी आहे, माझा बावीस.

त्यानंतर मी साद घातली.

दादानं माझा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं माझं सांकेतिक नाव, लगेच पकडला. एकतीस वर्षं ऐकलेला आहे, त्यात रेघा भरपूर आहेत. मी पाठवलं: पाच नऊ नऊ, एकशे पंचेचाळीस. चारात चार टिंबं आणि एक रेघ, पाचात पाचही टिंबं. त्याच्यासाठी ह्याहून वाईट नंबर शोधून सापडला नसता. पण माझा तोच होता.

आणि दादानं उत्तर दिलं: मिळालं, शून्य शून्य एक, आभारी आहे, माझा तेवीस.

त्यानं थांबून ऐकलंही नव्हतं. माझं पाठवणं संपायच्या आतच त्याचा हात कीवर पडला होता. म्हणजे त्याला कळलं होतं. कितव्या वेळी कळलं कोण जाणे, पण सगळे आपल्याला एकच देतायत हे त्याला कळलं होतं, आणि तो बसल्या जागी सगळ्यांचा मान राखत होता. आणि त्यानं मलाही त्यांच्यातच धरलं होतं. माझ्याकडून नंबर ऐकायचीसुद्धा त्याला गरज वाटली नव्हती.

आयुष्यात मला इतका राग कधी आला नव्हता. गंधारचा आला होता तो ह्याच्यापुढे काहीच नाही. मी की दाबली आणि पाठवलं: नाही. माझा नंबर एकशे पंचेचाळीस.

मग दादा: मिळालं, शून्य शून्य एक.

नाही. एकशे पंचेचाळीस.

आता तो गोंधळला. 'नाही' त्याला कळलं असावं, माझं 'नाही' तो कशातूनही ओळखतो. त्यानं पाठवलं: पुन्हा.

मी पुन्हा पाठवलं. वेग कमी केला, आणखी कमी केला, शिकाऊ माणसाला पाठवतात तितका केला. त्यानं पाठवलं: पुन्हा. मी पाठवलं. तो म्हणाला, एकशे चव्वेचाळीस? मी म्हटलं, नाही. एकशे पंचावन्न? नाही. पुन्हा. मी पुन्हा पाठवलं. एकीकडे घड्याळ पळत होतं. ह्या वेळात माझे तीस-चाळीस नंबर झाले असते. यंदा ढाल माझी होती, हे सकाळपासून मला दिसत होतं. जाऊ दे ती ढाल खड्ड्यात.

आमचं हे भांडण सगळा जिल्हा ऐकत होता. रेडिओवर खाजगी काही नसतं. आठव्या की नवव्या वेळी मधेच कुणीतरी कॉलसाइन न देता पाठवलं: ताई, प्लीज. हा गंधार, हे मला कळलं. मी उत्तर दिलं नाही. कुणीतरी आणखी कडक पाठवलं: सोडा त्यांना. त्यालाही दिलं नाही.

मी सोडणार नव्हते. ही माया नव्हती, उगीच कुणी तसं समजू नये. मला दादाचा राग आला होता. होळीपासून त्यानं लपवलं, मला मूर्ख बनवलं, आणि आता माझा नंबर न ऐकता मला 'आभारी आहे' म्हणून वाटेला लावत होता. आभारी काय? बहीण आहे मी त्याची.

अकराव्या वेळेनंतर दादा गप्प झाला. मी थांबले. एक मिनिट, दोन मिनिटं. त्या जागेवर नुसती खरखर होती. मला वाटलं, उठला तो. मी त्याला चारचौघांत बहिरा ठरवलं आणि तो रेडिओ बंद करून उठला. वीस जणांनी मिळून झाकून ठेवलेलं मी एकटीनं उघडं केलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मी हिसका देऊन उघडली होती, आणि आत काय आहे ते सगळ्यांना दिसलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. वहिनी.

"वन्सं, काय चाललंय तुमचं दोघांचं?" ती रडवेली झाली होती. "ह्यांनी वहीचं पान टर्रकन फाडलं, ते लिहिलेलं सगळं. आणि आता स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्या स्पीकरच्या खोक्याची जाळी काढतायत. काय झालं विचारलं तर बोलत नाहीत. बरं नाही का हो त्यांना?"

"जाळी काढतोय?"

"हो. काढली. आता तो आतला काळा कागदाचा पडदा असतो ना, त्यावर हात ठेवून बसलेत. डोळे मिटून."

माझा हात हेडफोनकडे गेला.

"वन्सं? त्यांना काय सांगू? तुम्ही काय नंबर म्हणताय तो मी कागदावर लिहून दाखवू का?"

"वहिनी," मी म्हटलं, "एक अक्षर लिहायचं नाही. नंबर मी तुला सांगणार नाही आणि तू विचारायचा नाही. एकट्याची स्पर्धा आहे ती. कुणी मदत केली तर तो बाद होतो. तू त्या खोलीतून बाहेर जा आणि पोहे कर. आणि माझ्यापासून लपवलंस त्याबद्दल आपण नंतर बोलू. सविस्तर बोलू."

मी फोन ठेवला. बेचाळीस वर्षांच्या संसारात वहिनी मोर्समधलं एक अक्षर शिकली नाही, ह्याबद्दल मी तिला पहिल्यांदाच मनातून धन्यवाद दिले.

मग मी हेडफोन नीट केला आणि पाठवायला घेतलं. मागच्या अकरा वेळा मी त्याच्या कानाला पाठवत होते. ह्या वेळी कान विसरले. टिंब म्हणजे टिचकी, रेघ म्हणजे दाब. आईच्या मागे सतरंजीवर बसलोय आणि त्याचा तळहात माझ्या हातात आहे, इतक्या सावकाश पाठवलं. एक. थांबले. चार. थांबले. पाच. टिचकी, टिचकी, टिचकी, टिचकी, टिचकी.

छबूबाई दारात पोछा हातात घेऊन उभी होती. तिला काही कळत नव्हतं, पण ती हलत नव्हती.

खरखर. मग दादाचा हात.

पुन्हा.

मी पुन्हा पाठवलं.

एकशे चव्वेचाळीस?

नाही, मी पाठवलं. आणि शेवटचा आकडा तेवढा एकदा. टिचकी, टिचकी, टिचकी, टिचकी, टिचकी.

मग आलं, कुणाला घाई नसावी तसं: एक. चार. पाच. एकशे पंचेचाळीस.

मी पाठवलं: बरोबर. बरोबर. बरोबर. तीनदा पाठवायची गरज नसते.

आता त्यानं त्याचा नंबर द्यायचा होता. मघाशी त्यानं तेवीस दिला होता, तो मी लिहूनही ठेवला होता. दादानं पाठवलं: पाच नऊ नऊ. शून्य. शून्य. एक.

माझं डोकं पुन्हा फिरलं. एवढं सगळं करून हा आता मला टोमणा मारतोय? मी की दाबायला बोट उचललं, आणि मग वहिनीचं वाक्य आठवलं. ह्यांनी वहीचं पान फाडलं, लिहिलेलं सगळं.

बोट तसंच राहिलं.

बावीस नंबर होते त्याच्याकडे. फुकट मिळालेले, जुळणारे, ढाल मिळवून देणारे. त्यानं ते फाडून टाकले होते. आज त्याला कुणी खरं भेटलंच नव्हतं. त्याच्या नव्या पानावर पहिली ओळ माझी होती. त्याचा तो खरा शून्य शून्य एक होता.

मी तेवीस खोडलं आणि शून्य शून्य एक लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं.

"रडताय व्हय ताई?" छबूबाईनं विचारलं.

"राग आलाय मला," मी म्हटलं. "राग आला की पाणी येतं डोळ्यांतून."

"लईच राग आलेला दिसतोय," ती म्हणाली आणि पोछा पिळायला गेली.

मी जागा सोडली नाही, ऐकत राहिले. माझे नंबर वाढवायचे राहिले तर राहिले. दादानं सर्वांना हाक दिली आणि वाट बघत बसला. कुणी येईना. सगळे तिथेच होते, मला खात्री आहे, पण काय द्यावं ते कुणाला कळत नसावं. आता त्याच्या वहीत त्यांची नावं नव्हती, म्हणजे त्यांच्या यादीतले त्याच्या नावाचे गुण आपोआप कापले जाणार होते. उपकार करायला गेलेल्यांचा एकेक नंबर उडाला होता. ह्याचा मला आनंद झाला हे मी नाकारत नाही.

मग दादानंच गंधारला नावानं हाक मारली. सरळ त्याचा कॉलसाइन पाठवला, आणि पुढे: तुझा नंबर?

शाळेत फळ्यापाशी उभं करावं तसंच. गंधारनं पाच सेकंद घेतले. माझ्या मनात आलं, ह्यानं आता शून्य शून्य एक दिला तर मी आत्ताच्या आत्ता रिक्षा करून सावेडीला त्याच्या घरी जाते आणि त्याची तार कापते.

त्यानं पाठवलं: पाच नऊ नऊ, एकशे बत्तीस. सावकाश, पण खरा.

पुन्हा, दादा म्हणाला.

एकशे बत्तीस.

पुन्हा.

गंधारनं चौथ्यांदा पाठवलं तेव्हा दादानं आकडा जसाच्या तसा परत केला, आणि पुढे जोडलं: शून्य शून्य दोन.

त्यानंतर भीमा आला. त्यानं एकशे तीन दिला. दादाला तो तिसऱ्यांदा लागला.

आता सहा वाजतायत. मी जेमतेम एकशे साठावर आहे, दादा अकरावर आहे. ढाल यंदा आमच्या दोघांपैकी कुणालाच मिळत नाही, ती बहुतेक गंधार नेईल, आणि आपलीच शाल आपल्याच खांद्यावर घेऊन मिरवेल. उद्याचा सत्कार रद्द झाल्याचा मेसेज आलाय. हॉलचं भाडं परत मिळत नाही म्हणे. बरं झालं.

माझा राग मात्र गेलेला नाही. दादानं होळीपासून माझ्यापासून लपवलं ते लपवलंच. सोमवारी पहिल्या एसटीनं मी राजूरला जाणार आहे. त्याला समोर बसवून त्याचा हात माझ्या हातात घेणार आहे, आणि इतक्या महिन्यांच्या साठलेल्या शिव्या एकेक अक्षर करून त्याच्या तळहातावर देणार आहे. वेळ लागेल. 'गाढव'पासून सुरुवात करीन.